उजवा स्पीकर पाच इंच मागे

८ जानेवारी, रविवार

आज जेवताना, बिटाच्या सूपमध्ये चमचा बुडवता बुडवता, लेनर्डने जाहीर केलं की स्टिरिओ चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलला देऊन टाकायचा.

"सगळा?" मी विचारलं.

"सगळा. स्पीकर, प्लेअर, अँप्लिफायर, रेकॉर्डी."

"आणि त्यांनी अडवलेली ती भिंत?"

"भिंत राहू दे, बर्नी. छताला टेकू लागतो."

मला आनंद व्हायला हवा होता. लग्न झाल्यापासून, चव्वेचाळीस वर्षं, माझ्या बैठकीच्या खोलीवर या लाकडी खोक्यांचं राज्य आहे. स्पीकर भिंतीला चिकटवायचे नाहीत, आवाज घुमतो. अँप्लिफायरवर फुलदाणी ठेवायची नाही, त्याला हवा लागते. (मी एकदा लेसचा रुमाल घातला होता. लेनर्डने तो असा उचलला, जणू मी एखाद्या बाळाच्या तोंडावर टाकला होता.) प्लेअर भिंतीत ठोकलेल्या वेगळ्या फळीवर, कारण मी चालले की सुई उडते. मी जाड नाही. मी ठाम चालते, एवढंच. आणि उजवा स्पीकर बरोबर माझ्या आईच्या काचेच्या कपाटाच्या दाराच्या आड, त्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडायचं आणि रश्शाचं भांडं बाळंतपणासारखं आडवं फिरवून बाहेर काढावं लागायचं.

तर मला आनंद व्हायला हवा होता. पण स्टिरिओ का जातोय, तर लेनर्डचा उजवा कान गेला म्हणून. पूर्वी गाणारी बाई दोन स्पीकरांच्या बरोबर मधे उभी असायची, असं तो म्हणतो. दीड वर्षापासून ती डावीकडे सरकली आहे. त्याने तारांची अदलाबदल करून पाहिली, तरी ती डावीकडेच. म्हणजे यंत्र ठीक आहे. "मग बिघडलेला कोण उरला? मी." ऑक्टोबरमध्ये त्याने चर्चचा गायकवृंदही सोडला. एकतीस वर्षं खर्जात गायला. म्हणे, उजवीकडच्या लोकांचा सूर ऐकू येत नसेल तर मी सगळ्यांना घेऊन खड्ड्यात जाईन.

डॉक्टरकडे जायला सांगितलं तर म्हणतो, डॉक्टर मला काय सांगणार, ती बाई रोज सांगतेय.

१२ जानेवारी, गुरुवार

गुरुवारी गायकवृंदाची तालीम. म्हणजे लग्नानंतरचे बहुतेक गुरुवार मी एकटी जेवले. ऑक्टोबरपासून मात्र आम्ही गुरुवारी रमी खेळतो. तो माझ्या उजव्या हाताला बसतो, राय धान्याच्या काळ्या पावावर सॉसेज ठेवून खातो, आणि गप्पा मारतो. घरात तो किती स्पष्ट बोलतो! गाडीत मात्र पुटपुटतो. तो डावीकडे स्टिअरिंगवर आणि मी उजवीकडे शेजारी असले की त्याचे शब्द गळ्यातच विरघळतात. मी कित्येकदा सांगितलं, रस्त्याकडे बघ पण तोंड उघडून बोल.

आज त्याने मला तीनदा हरवलं आणि शाळेतल्या माझ्या जुन्या मुख्याध्यापकांची नक्कल केली. छान गुरुवार होता.

१४ जानेवारी, शनिवार

सेलसाठी कागदपत्रं काढताना प्लेअरखालच्या खणात लेनर्डची वही सापडली. त्याच्या अक्षरात या खोलीचा नकाशा: खुर्ची, दोन स्पीकर, मधे रेघा. खाली लिहिलंय, "खुर्चीपासून दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर. नऊ फूट दोन इंच. एक जवळ आला की गाणारी त्या बाजूला सरकते."

मी ते चार वेळा वाचलं. मग शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन मोजलं.

डावा, नऊ फूट दोन. उजवा, नऊ फूट सात.

आता लिहायलाच हवं. शाळेत सिस्टर अल्फॉन्सा आम्हाला रोज संध्याकाळी दिवसभराची पापं मनात मोजायला लावायच्या. त्यांचं म्हणणं होतं, जे कागदावर लिहिता येत नाही ते तुम्ही अजून कबूलच केलेलं नाही.

तर, मागच्या वर्षीच्या आधीच्या ऑगस्टमध्ये लेनर्ड खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होता. मी ती संधी साधून जमिनीला पॉलिश करून घेतलं. स्पीकर हलवले. जमिनीवर त्याने लावलेल्या निळ्या चिकटपट्टीच्या खुणा खरवडून निघाल्या. नव्या खुणा मी लावल्या. डावी अंदाजाने, आणि तो अंदाज बरोबर निघाला. उजवी मात्र मी मुद्दाम भिंतीकडे घेतली, कपाटाचं दार पुरतं उघडावं म्हणून. मोजायला त्याची दोन गाठींची दोरी होती. तीही मी शोधली नाही, कारण तिने मी आधीच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीचे पाय बांधले होते.

घरी आल्यावर काठी टेकत तो म्हणाला, "पट्ट्या होत्या तिथेच लावल्यास ना?"

मी म्हटलं, "इंचन् इंच. मी काय आंधळी आहे?"

वर दुखावल्यासारखं तोंडही केलं. त्याला वाकता येत नव्हतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, पट्टीवर विश्वास ठेवला, आणि उरला त्याचा कान, तर कानावरचा विश्वास सोडला.

चौतीस वर्षं मी हायस्कूलच्या ऑफिसात बसून पालकांच्या खोट्या सह्या पकडल्या.

उद्या सांगते.

१९ जानेवारी, गुरुवार

सांगितलं नाही. रविवारी त्याला सर्दी होती. सोमवारी बर्फ पडला, तो वैतागला होता. मंगळवारी आमच्या मुलीचा, टेरेसाचा, फिनिक्सहून फोन आला. (तिलाही सांगितलं, स्पष्ट बोल. हे नवे फोन डाव्या बाजूने धरले की चालतच नाहीत.) आणि आज रमी होती.

पत्ते वाटताना मनात आलं: सांगितलं तर पुढच्या गुरुवारी तो तालमीला जाईल.

मी पत्ते वाटले.

२६ जानेवारी, गुरुवार

गायकवृंद सांभाळणाऱ्या ओटिली बाईंचा दुपारी फोन आला. लेनर्ड तळघरात रेकॉर्डी खोक्यात भरत होता. गुड फ्रायडेला दुःखसहनाची कथा गाऊन म्हणतात, त्यातली येशूची वाक्यं खर्जातल्याने गायची असतात. एकोणीस वर्षं ती लेनर्डने गायली.

"मी जागा अडवून ठेवली आहे," ओटिली म्हणाली. "या महिन्याअखेर तरी कळायला हवं गं. नाहीतर मला दातांच्या डॉक्टरला उभं करावं लागेल, आणि तो येशू म्हणून उभा राहिला की मला भूल द्यायला आल्यासारखा वाटतो."

मी फक्त जिन्यातून हाक मारायची होती. तेरा पायऱ्या.

मी म्हटलं, "तो आता गात नाही, ओटिली."

"त्यानेच सांगितलं?"

"मी त्याची बायको आहे," मी म्हटलं. आवाजात माझा ऑफिसातला कडकपणा आला होता. तिने घाबरून फोन ठेवला.

संध्याकाळी त्याने विचारलं, कोणाचा फोन होता? मी म्हटलं, विमेवाल्यांचा.

पाच इंच ही चूक होती असं कोणी म्हणेलही. आजच्याला मात्र चूक म्हणता येत नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सेंट ब्लेझचा सण. सकाळी आठच्या मिस्साच्या प्रार्थनेला फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या रोगांपासून रक्षण मागतात. मी म्हटलं, रस्ते निसरडे आहेत, तू जा. तो गेला. मी मोजपट्टी काढली, उजवा स्पीकर कमरेने ढकलत पाच इंच पुढे आणला, निळी चिकटपट्टी उचलून नव्या जागी लावली आणि कडा अंगठ्याने घासून जुन्या दिसतील अशा केल्या. म्हणजे गुन्हा तर गुन्हा, वर सफाईदार.

वाटलं होतं, सगळं गुपचूप जागेवर येईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

दहा वाजता लेनर्ड गाल लाल करून आला. "मी फादरना म्हटलं, मेणबत्त्या जरा वर, कानापाशी धरा. ते म्हणाले, लेनर्ड, हा संत घशाचा आहे. मी म्हटलं, फादर, दोन-तीन इंचांचा तर फरक, त्याला कळायचंही नाही."

मग निरोपाची म्हणून त्याने एक रेकॉर्ड लावली. तार खोक्यात भरण्याआधी शेवटची.

मी स्वयंपाकघरात बटाटे किसत होते. गाणं सुरू झालं. खुर्ची करकरली. गाणं संपलं. नंतर तो मोज्यांवरच आत आला, माझे किसाने भरलेले हात बाजूला केले आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बर्नी," तो म्हणाला, "ती मधे आली."

तो रडत होता. मी बटाट्यांकडे बघत राहिले.

५ फेब्रुवारी, रविवार

चर्चबाहेरच्या पायऱ्यांवर त्याने सगळ्यांना सांगितलं, संताने कान बरा केला. शेजारच्या बाईंनी आपल्या गुडघ्यासाठी कोणता संत ते विचारून घेतलं. फादर केविन जरा सावधपणे हसले, पण लेनर्डने विनंती केली की ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, सव्वीस तारखेला, मला दोन मिनिटं सर्वांसमोर बोलू द्या. ते हो म्हणाले.

घरी आल्यावर त्याने ओटिलीला फोन केला. येशू दातांच्या डॉक्टरला देऊन झाला होता.

"ती म्हणते, तू तिला सांगितलंस मी गात नाही म्हणून." त्याने फोन ठेवला. "ओटिलीचं वय झालं बिचारीचं. काहीच्या काही ऐकते."

मी म्हटलं, "वय सगळ्यांचंच होतं."

हे वाक्य मी उच्चारलं. माझ्या या तोंडाने.

११ फेब्रुवारी, शनिवार

पापनिवेदनाला गेले. आजकालचे पाद्री इतकं पुटपुटतात की देवालाच ठाऊक कोणाची काय क्षमा होते. पाद्री आणि माझ्यामधली जाळी डाव्या हाताला होती. शेवटी मी गुडघ्यांवरच उलटी वळून बसले, तेव्हा फादर केविनचे शब्द नीट आले.

सगळं सांगितलं. पट्टी, दोरी, टर्की, ओटिली, मेणबत्त्या. मधे एकदा पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. ते हसत असतील तर देव त्यांना क्षमा करो.

मग म्हणाले, "तुमचं प्रायश्चित्त एवढंच, घरी जाऊन लेनर्डला सांगा. सव्वीसच्या आत."

"त्यापेक्षा जपमाळ सांगा, फादर. दहा सांगा."

"जपमाळ तुम्हाला सोपी जाते, बर्नडीन. म्हणूनच नाही देत."

माणूस माझ्या टेरेसापेक्षा लहान आहे. मला खूप राग आला. त्याचं बरोबर होतं म्हणून जास्त आला.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून उपवासकाळ. आज सगळं गाव पोंचकी, म्हणजे जाम भरलेले पोलिश डोनट, खातं. मी बेकरीच्या रांगेत पाऊण तास उभी राहून सहा आणल्या, आलुबुखाराच्या जामच्या, लेनर्डच्या आवडीच्या. ताटली त्याच्यासमोर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर उठून गेले असते.

 तो पोंचकीवरची साखर बोटाने एका बाजूला गोळा करत राहिला.

"म्हणजे कानाला काहीच झालं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"चौदा जानेवारीला."

"आणि ओटिलीचा फोन?"

"सव्वीस."

त्याने हिशेब केला. चेहऱ्यावर दिसत होता. "म्हणजे कपाटाच्या दारासाठी नाही. दाराचं मी समजू शकतो. तुला कळलं होतं, आणि तरी तू मला बहिरा राहू दिलंस. का?"

मी खूप कारणं तयार ठेवली होती. 

"गुरुवार," मी म्हटलं.

त्याला कळलं की नाही, माहीत नाही. त्याने कोट घातला आणि बाहेर जाऊन आमच्या दारातला बर्फ काढला. मग शेजारच्यांचा काढला. मग त्यांच्या शेजारच्यांचा.

सहाच्या सहा पोंचकी तशाच आहेत.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस तो घरात आहे आणि नाही. तळघरातून स्क्रूड्रायव्हरचे आवाज येतात. "मीठ दे" आणि "दिवा घालव" याखेरीज बोलणं नाही. मला शिव्या दिलेल्या चालल्या असत्या. शिव्यांना मी उत्तर देऊ शकते.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये माशांचं जेवण होतं. वाटलं, एकटाच जाईल. पण त्याने माझा कोट काढून धरला. जेवताना शेजारी बसला, कोशिंबीर पुढे सरकवली.

परत येताना लाल सिग्नलला गाडी थांबली. तो समोर बघत काहीतरी बोलला. बरंच बोलला, चार-पाच वाक्यं असतील. इंजिन सुरू, हीटर सुरू, आणि हा नेहमीसारखा पुटपुटणारा. मला काही कळलं नाही. एरवी मी ठणकावून म्हटलं असतं, पुन्हा बोल. आज वाटलं, शिक्षा भोगणाऱ्याने प्रश्न विचारू नयेत. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सिग्नल हिरवा झाला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

२६ फेब्रुवारी, रविवार

 लेनर्ड भाषणाला उभा राहिला नाही. फादर केविननी फक्त जाहीर केलं की ते दोन मिनिटं रद्द झाली आहेत. लेनर्ड गायकवृंदात शेवटच्या रांगेत, कडेला उभा होता. पुढे मधोमध, लेनर्डच्या जागी, दातांचे डॉक्टर.

पायऱ्यांवर गुडघेवाल्या बाईंनी विचारलंच, "अहो, चमत्काराचं काय झालं?"

"चमत्कार नव्हता," तो म्हणाला. "फर्निचरचा घोटाळा होता. स्पीकर हलला होता."

"कोणी हलवला?"

"घर जुनं आहे," लेनर्ड म्हणाला. "जमीन खचते."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पायऱ्यांवर बर्फासाठी टाकलेल्या मिठाकडे बघत होते. त्यापेक्षा त्याने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

२ मार्च, गुरुवार

आज खूप लिहायचं आहे, आणि मी संतापले आहे.

सकाळी उठून बघते तर आईच्या कपाटाचं दार उलट्या बाजूने उघडतंय. त्याने बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला बसवल्या होत्या. तळघरातले आवाज त्याचे होते. आता दार पुरतं उघडतं आणि स्पीकरला लागतही नाही. चव्वेचाळीस वर्षांत हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुपारी तो नवी दोरी घेऊन आला. "शिवणाच्या मोजपट्टीवर माझा भरवसा नाही. ती ताणली जाते. खुर्चीत बस, दोरीचं टोक नाकाला धर."

"मी?"

"मला दोन नाकं नाहीत, बर्नी."

त्या खुर्चीत मी कधीच बसले नव्हते. कोणी बसू नको म्हटलं नव्हतं. मीच बसत नव्हते, रागाने. दोरीचं टोक नाकाला धरून बसले, आणि तो खुब्याला हात लावत एकेका स्पीकरपाशी वाकला. दोन्हीकडे गाठ बरोबर जागी आली. त्याने रेकॉर्ड लावली. "डोळे मीट. सांग, बाई कुठे उभी आहे?"

मी डोळे मिटले. आणि खरंच तिथे बाई होती. श्वास घेतलेला ऐकू येत होता. इतकी वर्षं तो हिच्यासमोर बसत होता, आणि मी पलीकडे भांडी आपटत होते.

"इथे," मी बोट केलं.

 डोळे उघडले तर माझं बोट उजव्या स्पीकरकडे होतं.

"तू चुकीचं मोजलंस," मी म्हटलं.

त्याने पुन्हा मोजलं. दोन्ही गाठी जागेवर. तारांची अदलाबदल केली. बाई उजवीकडेच. तिसऱ्यांदा मोजलं. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसला आणि भिंगातून सुई तपासतो तसं माझ्याकडे बघत राहिला.

"शुक्रवारी गाडीत मी तुला काही म्हणालो होतो," तो म्हणाला. "तू उत्तरच दिलं नाहीस. मला वाटलं, तुला उत्तर द्यायचं नाही."

"तू पुटपुटलास."

"मी पुटपुटलो नव्हतो, बर्नी."

त्याचा चेहरा एकदम बदलला. आठ दिवस जे काही त्यावर होतं, ते गेलं. तो उठला, डावा स्पीकर थोडा पुढे ओढला. "आता?" आणखी थोडा. "आता?"

"आता मधे आली."

"बरं," तो म्हणाला, आणि ज्या जागी त्या बिचाऱ्या स्पीकरला उभं राहण्याचा काहीही अधिकार नव्हता, तिथे नवी निळी चिकटपट्टी लावली. जुनी काढली नाही. म्हणाला, "ती माझी, ही तुझी."

मी विचारलं, त्याच्या नऊ फूट दोन इंचांचं काय? तो फोनकडे गेला होता. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली, सोमवारी दहाची. दोघांची.

"दोघांची कशाला? तुझा कान तर ठणठणीत आहे!"

"सोबत."

मी भांडले असते. पण या घरात सध्या भांडायचा हक्क माझ्याकडे नाही, तेव्हा जाईन म्हटलं. प्रायश्चित्त म्हणून.

सहा वाजता तो तालमीला निघाला. दारात मी विचारलं, "शुक्रवारी गाडीत काय म्हणालास, ते तरी सांगशील?"

त्याने टोपी घातली, माझ्या उजव्या बाजूला आला, आणि कानापाशी वाकून म्हणाला, "सोमवारी. डॉक्टरांकडून येताना, त्याच सिग्नलला. पण त्या दिवशी गाडी तू चालव, मी तुझ्या उजवीकडे बसतो."

चव्वेचाळीस वर्षं या माणसाने बर्फात मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आता म्हणे, तू चालव. मला काहीच समजत नाही. पण चालवेन.